कोंबडी चालली, हाड मेलं

बाबा अडिगुन अर्धे मेले असून त्यांचा मेलेला अर्धा भाग घरामागच्या अंगणात पुरलाय आणि उरलेला अर्धा ओसरीवर बसून कोलाचं कडू बी चघळतो, अशी बातमी गेल्या वर्षी आमच्या इवो गावभर झाली होती. ती पसरवली अल्हाजा मोरिलीनं. अल्हाजा एकदा बोलायला लागली की मध्ये श्वास घेत नाही. "मी या डोळ्यांनी पाहिलं बाई पांढरं कापड होतं इमाम होते खड्डा होता आणि ज्याचं दफन चाललंय तो खड्ड्याच्या कडेला काठी टेकून उभा राहून सांगत होता की अजून वीतभर खोल घ्या म्हणून, आता बोला." त्या संध्याकाळी तीन घरच्या बायका सांत्वनाला भात घेऊन आल्या. दार खुद्द बाबांनी उघडलं, तिन्ही भांडी घेतली आणि मयत कोण ते त्यांनाही धड सांगता आलं नाही.

खरी गोष्ट एवढीच, की बाबा सगळेच्या सगळे जिवंत आहेत. पुरलं ते त्यांच्या उजव्या मांडीच्या हाडाचं डोकं. एखाद्या मोठ्या लिंबाएवढा गोळा. शरीरातून जे निघेल ते मातीला द्यायचं, तसं ते दिलं. मालक जिवंत असल्यामुळे नमाज पढायची नाही, असं इमामांनी आधीच बजावलं होतं. पण खड्डा आणि पांढरं कापड बघून त्यांचेच हात सवयीनं वर गेले आणि निम्म्यावरून खाली आले. त्यामुळे अल्हाजाला तरी किती दोष द्यायचा.

बाबा अडिगुन हाडवैद्य आहेत. त्यांचे वडील हाडवैद्य होते, आजाही. मोडलेला हात किंवा पाय समोर आला की बाबा डोळे मिटतात, बोटं फिरवतात आणि घोगऱ्या आवाजात म्हणतात, "हं. माझा हात सांगतो." हात काय सांगतो ते पुढे येतं: दोन तुकडे, तीन तुकडे, नुसती चीर. मग हाड ओढून जागेवर बसवायचं, शिया झाडाच्या बियांचं लोणी चोळायचं, बांबूच्या कामट्या लावून बांधायचं. आणि त्याच वेळी एका कोंबडीचा त्याच बाजूचा पाय मोडायचा. तिला तेच लोणी, तशाच कामट्या. माणूस चटईवर, कोंबडी टोपलीखाली. एकविसाव्या दिवशी कोंबडीचं सोडायचं. ती पाय टाकायला लागली की माणसानंही उठायचं. माणूस दुखतंय म्हणून खोटं रडेल, दुखत नाही म्हणून खोटा मर्दपणा करेल. कोंबडीला कशाचीच लाज नसते. चाळीस वर्षं बाबांनी कोंबडीवर विश्वास ठेवला.

दोन वर्षांपूर्वी, धुळीचा कोरडा वारा सुटतो त्या दिवसांत, एका लॉरीवाल्याची नडगी बसवायला बाबा भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून एडे गावच्या रस्त्यानं निघाले. रस्त्यात बकरी आली. चालकानं बकरी वाचवली. बाबा उजव्या खुब्यावर पडले.

"काही झालेलं नाही बाबा, उठा," चालक म्हणाला.

बाबांनी पडल्या पडल्या डोळे मिटले, मांडीच्या वरच्या टोकाला बोटं फिरवली. "हं. तुटलंय," ते म्हणाले. दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं.

घरी आणल्यावर मोठा मुलगा मुताइरू बांधायला बसला. मुताइरूला कुठलंही विधान करायला आवडत नाही, तो प्रश्नच विचारतो. "एवढ्या वर कामट्या लागतात का बाबा? कमरेला बांधायचं म्हणजे कुठं बांधायचं?" बाबा पडल्या जागेवरून सांगत होते, ओढ, सोड, आता वळव. कोंबडीचा पाय मात्र त्यांनी पाठीवर झोपून स्वतःच्या हातानं मोडला. तपकिरी कोंबडी होती, मानेवर पांढरे ठिपके.

एकवीस दिवसांनी टोपली उचलली, कामट्या सोडल्या आणि कोंबडी उभी राहिली. उभी राहिली कसली, पळाली. चुलीवरून उडी मारून भिंतीवर, भिंतीवरून अल्हाजाच्या पत्र्यावर. बाबा तोंड उघडं टाकून बघत राहिले. एकविसाव्या दिवशी कोंबडी लंगडत चार पावलं टाकते, फार तर सहा. पत्र्यावर चढलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"पाहिलंस सूनबाई?" ते सिलिफाला म्हणाले. सिलिफा मुताइरूची बायको. "असं हाड मी आयुष्यात जुळवलं नाही."

सिलिफा हळू बोलते आणि वाक्याचा शेवट गिळते. "हो बाबा, पण अजून थोडे दिवस जर का तुम्ही..." एवढं बोलून ती खरकटी भांडी घेऊन गेली.

बाबा उठले. दुखलं, पण चालले. आठ महिने चालले. गावात नाव झालं, की स्वतःचं हाड स्वतः जोडणारा हाच एक. आणि मग गुडघा दुखायला लागला.

इथून बाबांचा गोंधळ सुरू होतो, तो अजून संपलेला नाही.

गुडघ्याला त्यांनी लोणी लावलं, पाल्याचा शेक दिला, रात्रभर बांधून ठेवला. रोज डोळे मिटून बोटं फिरवली. "हात म्हणतो, गुडघ्याला काही झालेलं नाही," ते ओसरीवर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे. "गुडघा म्हणतो, मी मेलो. आता मी कुणाचं ऐकू?" चाळीस वर्षांत हात असा तोंडावर पडला नव्हता. पायरी चढवेना. रुग्णासमोर चटईवर मांडी घालून बसता येईना. मग मोजा घालायला वाकता येईना. शेवटी शौचाला जायलाही मुताइरूच्या खांद्यावर हात टाकावा लागायला लागला, आणि मुताइरू म्हणाला, "बाबा, इबादानला मोठ्या हॉस्पिटलात जायला काय हरकत आहे?"

हरकत होती. आलेल्या प्रत्येकाला बाबांनी चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगितली होती: तिथं गेलास तर पाय तिथंच ठेवून येशील. त्यांनी माणसं पाहिली होती, पायजम्याचा एक पाय पिनेनं वर टाचून परत आलेली. त्यातली काही आधी कुठल्या तरी हाडवैद्यानं घट्ट, फार घट्ट बांधलेली असायची. ते बाबा सांगायचे नाहीत. पण रात्रीची झोप गेली, तेव्हा त्यांनी आपला उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून गाडीत ठेवला, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसा, आणि आपण दोघं परत येऊ की नाही याचा विचार करत इबादानला गेले.

हाडांच्या डॉक्टर होत्या फादिपे. बुटक्या, भराभर बोलणाऱ्या, प्रत्येक वाक्य 'तर'नं सुरू करणाऱ्या.

"तर बाबा, दुखतं कुठं?"

"गुडघा."

"तर आपण खुब्याचा फोटो काढू."

बाबा मुताइरूच्या कानाशी लागले. "हिला गुडघा कुठं असतो ते माहीत आहे ना?"

"मला कसं ठाऊक असणार बाबा?" मुताइरू म्हणाला.

फोटो उजेडासमोर धरला. डावा गोळा संत्र्यासारखा गोल. उजवा वरून चेपलेला, त्याच्यावर रोज कुणीतरी बसत असल्यासारखा.

"तर हे बघा, तुटलं होतं ते इथं. मानेवर. छान जुळलंय. कुणी जुळवलं?"

"मी."

"पडलं कोण होतं?"

"मी."

डॉक्टरांनी एकदा बाबांकडे, एकदा फोटोकडे पाहिलं. "तर जोड पक्का आहे, बाबा. पण या गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या त्या मानेवरून जातात. मान मोडली तेव्हा त्या तुटल्या. गोळा उपाशी राहिला. हळूहळू मेला. तुम्ही त्याच्यावर चालत राहिलात, तसा तो बसत गेला."

"मेला?"

"मेला."

"मग मी?"

"तर तुम्ही जिवंत आहात."

बाबांनी बोट खुब्यावरून गुडघ्यावर नेलं. "खुब्यातला मेला," ते म्हणाले. "आणि ओरडतोय गुडघा."

"तर दोघांची नस एकच आहे."

"म्हणजे मयत एका घरात आणि रडारड दुसऱ्या घरात."

"तर असंच समजा. नात्यातले आहेत."

हे बाबांना पटलं, पण याच्यापुढचं नाही. मेलेला गोळा काढायचा, त्या जागी धातूचा बसवायचा. डॉक्टरांनी नमुन्याचा सांधा त्यांच्या हातात दिला. बाबांनी डोळे मिटून त्याच्यावर बोटं फिरवली. गोळा वाटीत फिरवला. अल्लाच्या हातच्या सांध्यापेक्षा गुळगुळीत फिरत होता, आणि हे मनात आल्याबद्दल त्यांनी लगेच तोबा केली.

"हा बसवल्यावर माणूस उठवायचा कधी?"

"तर दुसऱ्या दिवशी."

"एकवीस दिवस नाही?"

"नाही."

"मग कळतं कशावरून? याची कोंबडी कुठं असते?"

"तर याला कोंबडी लागत नाही, बाबा."

बाबांनी सांधा परत दिला. "आणि पाय?"

"पाय तुमच्याकडेच राहतो."

"कापायच्या आधी सगळे असंच सांगतात," बाबा मुताइरूला म्हणाले, डॉक्टरांना ऐकू जाईल इतक्या हळू.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी सिलिफा डबा घेऊन आली. कंदाच्या पिठाचा अमाला, एवेदूच्या पाल्याची बुळबुळीत भाजी, तिखट रस्सा. डबा ठेवला आणि खाटेशी गुडघे टेकून बसली. थोरांपुढे सूनबाई गुडघे टेकतेच, पण ही उठेचना.

"बाबा, ती कोंबडी जी होती ना, ती म्हणजे..."

"कुठली?"

"तुमची. ती पत्र्यावर गेली ती... ती ती नव्हती."

बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. सिलिफानं मग आयुष्यात पहिल्यांदा वाक्य शेवटपर्यंत नेलं. सहाव्या दिवशी ती उकडलेले यमचे कंद कुटत होती. उखळ कलंडलं. टोपलीवर पडलं. कोंबडी जागीच गेली. आणि कोंबडी मेली की माणूस जातो, असं ती या घरात आल्यापासून ऐकत होती. आत बाबा चटईवर पडलेले. सांगायचं कुणाला? तिनं त्याच उबवणीतली, मानेवर तसेच ठिपके असलेली दुसरी तपकिरी कोंबडी धरली, तिच्या धडधाकट पायाला कामट्या बांधल्या आणि टोपलीखाली सोडली. पंधरा दिवस बांधून ठेवलेली ती सोडल्यावर पळणारच होती.

"सव्वा वर्ष मला झोप नाही बाबा. तुम्ही तिच्याकडे बघून उठलात. मी तुमचा पाय..." पुढचं गिळलं.

बाबांनी घास डब्यात परत ठेवला. "त्या पहिलीचं काय केलंस?"

"सूप."

"कुणाला दिलंस?"

"तुम्हाला. तुम्ही म्हणालात, मीठ कमी आहे."

आता ते रागावतील, पाणी मागतील, मुताइरूला हाक मारतील, असं सिलिफाला वाटलं. पण बाबांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. "म्हणजे सहाव्या दिवशी कोंबडी मेली," ते म्हणाले. "आणि आत माझं हाड मेलं. सूनबाई, म्हणजे कोंबडी खरं सांगत होती. मलाच कुणी कळवलं नाही."

सिलिफाला हसावं की रडावं कळेना. तिनं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं.

संध्याकाळी फेरीला डॉक्टर आल्या, तेव्हा बाबांनी सगळी हकीगत त्यांच्यापुढे मांडली आणि न्यायाधीशाकडे बघावं तसं बघायला लागले.

"तर हाड पडल्या दिवशीच मरायला लागलं होतं, बाबा. कोंबडी तेव्हा टोपलीत मजेत असेल."

"आणि मी एकवीस दिवसांनी उठलो नसतो तर?"

"तर कदाचित उशिरा चेपलं असतं. कदाचित हेच झालं असतं. मानेवरचं मोडणं असंच असतं. सुनेला बोल लावू नका."

"कोंबडीनं काहीच ठरत नाही?"

"या हाडाच्या बाबतीत नाही."

"आणि बाकीच्या हाडांच्या?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "तर बाबा, तुम्ही आता झोपा."

बाबा झोपले नाहीत. एका बाजूला चाळीस वर्षांच्या कोंबड्या रांगेत उभ्या, दुसऱ्या बाजूला ही बुटकी पोरगी. कुणी खोटं बोलत असेल असं वाटत नव्हतं, आणि दोघं एकदम खरी असतील असंही वाटत नव्हतं.

सकाळी डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या मांडीवर जाड पेनानं बाण काढला. चुकून दुसऱ्या बाजूला हात जाऊ नये म्हणून सगळ्यांनाच काढतात. हे बाबांना कुणी सांगितलं नाही. बाबांनी बाण पाहिला आणि ओळखलं: करवत इथून चालणार. डॉक्टर वळताच त्यांनी मुताइरूकडचं शियाचं लोणी घेऊन बाण चोळून चोळून पुसला आणि पार खाली, अगदी घोट्याजवळ, मुताइरूच्या पेनानं नवीन बाण काढला. कापायचंच असेल तर थोडक्यात भागावं.

"तर हे कुणी केलं?" डॉक्टर परत येऊन म्हणाल्या.

"पाय माझा आहे," बाबा म्हणाले.

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसल्या. घाईत असूनही बसल्या. "तर बाबा, ऐका. तुमच्याकडे माणूस येतो, तो तुम्हाला सांगतो का कुठं ओढायचं ते?"

"ओरडतो."

"मग तुम्ही काय करता?"

"ओढतो."

"तर मग," डॉक्टर म्हणाल्या आणि बाण पुन्हा वर काढला. या वेळी बाबांनी पुसला नाही.

पाठीत सुई दिली आणि कमरेखालचं सगळं नाहीसं झालं. पण कान जागे होते. पडद्यापलीकडून हातोडीचे ठोके येत होते, रवाळ घासल्याचा आवाज येत होता, कुणीतरी "अजून एक" म्हणत होतं. बाबांच्या डोळ्यांपुढे सुताराचं दुकान उभं राहिलं, आणि त्या दुकानात फळीवर आपला पाय. त्यांनी पाय हलवायला सांगून पाहिलं. पाय नव्हता. डावाही नव्हता. एकच कापायचा ठरला होता, हे दोन्ही कसे गेले, ते कळेना.

खाटेवर आणल्यावर त्यांनी पहिली सिलिफाला हाक मारली. "सूनबाई, चादर वर कर आणि मोज."

"काय मोजू बाबा?"

"बोटं."

सिलिफानं मोजली. "दहा."

"नीट मोज. एकेक धरून."

तिनं एकेक धरून मोजली. बाबांना एकही जाणवलं नाही. दहा म्हणाली तरी त्यांचा विश्वास बसेना. कोंबडीच्या वेळी हिनंच एकाच्या जागी दुसरं ठेवलं होतं. दुपार कलली, तेव्हा उजव्या अंगठ्यात मुंग्या आल्या. तेव्हा कुठं बाबांनी तोंडावर चादर ओढून घेतली, आणि ती बराच वेळ हलत होती.

दुसऱ्या दिवशी चौकट धरून उभं केलं. जखम दुखत होती, पण गुडघा? गुडघा गप्प होता. कापलं खुब्यात आणि दुखायचा थांबला गुडघा. बाबा सहा पावलं चालले आणि म्हणाले, "हात आता काहीच सांगत नाही."

निघताना त्यांनी आपला गोळा मागून घेतला. त्याचं पुढे काय झालं, ते अल्हाजाच्या तोंडून आलंच आहे.

घरी आल्यावर बाबांनी काम सोडलं नाही. आता ते उंच खुर्चीवर बसतात, कारण खाली बसायला बंदी आहे, नमाजही खुर्चीवरच. मनगट, नडगी, गळ्याचं हाड अजून बांधतात, पण सैल बांधतात आणि दिवसातून तीनदा बोटांचा रंग बघतात. म्हातारं माणूस खुब्यावर पडून आलं, की हातही लावत नाहीत. "हे माझ्याकडचं नाही. इबादानला जा."

"पाय कापतील बाबा."

"माझा कापला का?" म्हणून ते पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून दाखवतात. मग रुग्ण विचारतो की असं का, तेव्हा ते वाहिन्या, मान, उपाशी गोळा, नात्यातला गुडघा असं सांगायला लागतात आणि अर्ध्यात त्यांचंच त्यांना कळेनासं होतं. "ते मेलेलं असतं, पण तुम्ही नसता. जा बाबा, जा तू." कोंबडी अजून ठेवतात. तिच्या पायाला कामट्या बांधतात, पण पाय मोडत नाहीत. का, असं सिलिफानं विचारलं तर म्हणाले, "न मोडता काय सांगते ते बघू."

मी यांच्या समोरच्याच घरात राहते. गावातल्या कुणाचीही चाल आणि आवाज मला एकदा पाहून-ऐकून जमतो. बाबांचं लंगडणं तर मी महिनाभर आमच्या अंगणात करून दाखवत होते: उजवा खांदा खाली, तिसऱ्या पावलाला 'हं'. एकदा मागे वळून पाहिलं तर बाबा कुंपणाशी उभे. काठी नव्हती.

"'हं' उशिरा येतं तुझं," ते म्हणाले. "खांदा पडायच्या आधी यायला पाहिजे. पण जुनी चाल आहे ती. आता मला पाठमोरा पाहशील तर ओळखणारही नाहीस."

"डोळे बांधून ओळखीन," मी म्हणाले.

पैज लागली. शुक्रवारी दुपारी मी आमच्या भिंतीवर मशिदीच्या उलट तोंड करून बसायचं, गल्लीतले पुरुष पुढे गेले की वळायचं, आणि पाठीवरून सांगायचं बाबा कुठले. मी जिंकले तर टोपलीखालची कोंबडी माझी. हरले तर महिनाभर त्यांच्या घरचे यम मी सोलायचे.

मी वळले तेव्हा सहा पाठी चालल्या होत्या, सहाही पांढऱ्या झग्यात, सहा टोप्या. चौथ्याचा उजवा खांदा खाली जात होता. अगदी तसाच. मी ओरडून बोट दाखवलं.

चौथा वळला. तो मुताइरू होता. "काय झालं?" तो म्हणाला. "नव्या चपला कधी कुणाला चावल्या नाहीत का?"

सगळ्यात पुढचा, झपाझप चालणारा, मशिदीच्या वळणाशी पोचला होता. त्यानं मागे न बघता एक हात वर केला आणि वळून दिसेनासा झाला. महिनाभराचे यम मी सोलले.